चाचणीतले औषध आणि मात्रेचा प्रश्न

आठवड्यातून एकदा त्वचेखाली टोचून घ्यायची वजन कमी करणारी औषधे आता मधुमेहतज्ज्ञांच्या दवाखान्यापुरती राहिलेली नाहीत. मार्च २०२५ मध्ये टिर्झेपाटाइड ‘मौंजारो’ या नावाने भारतात विक्रीला आले, त्याच वर्षी जूनमध्ये सेमाग्लूटाइड ‘वेगोव्ही’ या नावाने आले, आणि सेमाग्लूटाइडच्या भारतीय पेटंटची मुदत मार्च २०२६ पर्यंतच असल्यामुळे देशी कंपन्यांनी स्वतःच्या उत्पादनाची तयारी बरीच आधी सुरू केली होती. ही दोन्ही औषधे तपासली जाऊन, मान्यता मिळवून बाजारात आली. त्यांच्यापाठोपाठ ज्या तिसऱ्या नावाची विचारणा होऊ लागली आहे ते वेगळ्या वर्गातले आहे. रेटाट्रुटाइड हे एली लिली या अमेरिकी कंपनीचे औषध अजून चाचण्यांच्या टप्प्यात आहे, आणि हा लेख लिहीत असताना कोणत्याही प्रमुख औषध नियामकाने त्याच्या विक्रीला परवानगी दिलेली नाही. तरीही त्याच्या नावाने पांढऱ्या भुकटीच्या लहान कुप्या ‘केवळ संशोधनासाठी’ अशी चिठ्ठी लावून इंटरनेटवरून विकल्या जातात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाला २०२५ मध्ये अशा विक्रेत्यांना इशारापत्रे पाठवावी लागली. कुपी हाती आली की घेणाऱ्याचा पहिला प्रश्न असतो, किती घ्यायचे?

माझे म्हणणे असे की या प्रश्नाचे उत्तर आज कोणापाशीही नाही, आणि ते असल्याचा आव आणणारा प्रत्येक जण, मग तो विक्रेता असो, व्यायामशाळेतला प्रशिक्षक असो किंवा भरपूर अनुयायी असलेला व्हिडिओकर्ता असो, लोकांच्या जिवाशी खेळत आहे. चाचणीत ज्या मात्रा दिल्या जातात ते संशोधकांनी शरीराला विचारलेले प्रश्न असतात. कोणती मात्रा, कोणासाठी, किती काळ आणि कोणत्या वेगाने वाढवत नेलेली, हे चाचणी पूर्ण झाल्यावर, तिचे सगळे आकडे नियामकाने तपासल्यावर ठरते. त्याआधी त्या प्रश्नांची यादी उचलून तिला ‘डोसचा तक्ता’ म्हणून वाटणे हा ज्ञानाचा प्रसार नव्हे.

हे औषध गुणहीन आहे असे मला मुळीच म्हणायचे नाही. त्याच्या निष्कर्षांकडे पाहून उत्सुकता वाटणे अगदी स्वाभाविक आहे. सेमाग्लूटाइड जीएलपी-१ या एकाच संप्रेरकाचे काम करते, टिर्झेपाटाइड त्याच्या जोडीला जीआयपीचे, आणि रेटाट्रुटाइड या दोहोंसोबत ग्लुकागॉन या तिसऱ्या संप्रेरकाच्या ग्राहींनाही, म्हणजे पेशींवरील त्याला ओळखणाऱ्या जागांनाही, चेतवते. पहिल्या दोन क्रियांमुळे भूक मंदावते, तर ग्लुकागॉनच्या मार्गाने शरीराचा ऊर्जाव्यय वाढतो आणि यकृतातील चरबी झपाट्याने घटते, अशी त्यामागची कल्पना आहे. दुसऱ्या टप्प्यातील चाचणीचे निष्कर्ष जून २०२३ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’ या नियतकालिकात प्रसिद्ध झाले. तीत ३३८ प्रौढ होते. ४८ आठवड्यांनंतर १२ मिलिग्रॅमच्या गटाचे वजन सरासरी २४.२ टक्क्यांनी, ८ मिलिग्रॅमच्या गटाचे २२.८ टक्क्यांनी, ४ मिलिग्रॅमच्या गटाचे १७.१ टक्क्यांनी आणि १ मिलिग्रॅमच्या गटाचे ८.७ टक्क्यांनी घटले, तर औषधाऐवजी निव्वळ द्रावण टोचलेल्या गटात ही घट २.१ टक्के होती. लठ्ठपणावरील शस्त्रक्रियेच्या जवळ जाणारे हे आकडे आहेत.

पण हीच चाचणी नीट वाचली तर मात्रेविषयी तिने काय शिकवले ते दिसते, आणि प्रसारकांच्या तोंडी नेमके तेच नसते. ८ वरून १२ मिलिग्रॅमवर, म्हणजे मात्रा दीडपट केल्यावर, वजनातली जास्तीची घट दीड टक्क्यालाही पोहोचली नाही. चार आणि आठ मिलिग्रॅमच्या गटांचे संशोधकांनी मुद्दाम पोटविभाग केले होते; काहींची सुरुवात २ मिलिग्रॅमने झाली, काहींची ४ ने. अंतिम मात्रा सारखीच असूनही जास्त मात्रेने सुरुवात केलेल्यांना मळमळ, उलट्या आणि जुलाबांचा त्रास अधिक झाला. म्हणजे ‘आठ मिलिग्रॅम’ या आकड्याला एकट्याने अर्थ नाही. त्या आकड्यापर्यंत माणूस कोणत्या वाटेने आला यावर त्याचा अर्थ ठरतो. हृदयाच्या ठोक्यांची गतीही मात्रेनुसार वाढली, २४ आठवड्यांच्या सुमारास ती सर्वाधिक होती आणि पुढे उतरली. ही वाढ वर्षानुवर्षांच्या वापरात काय करते, हे ४८ आठवडे चाललेली चाचणी सांगू शकत नाही.

तिसऱ्या टप्प्यात प्रश्नही बदलले. तिथल्या सहभागींना २ मिलिग्रॅमने सुरुवात करून दर चार आठवड्यांनी ४, ६, ९ आणि १२ अशा पायऱ्यांनी वर नेले गेले. दुसऱ्या टप्प्यातला ८ चा आकडा मागे पडून ९ आला, कारण कंपनी स्वतःच अजून शोधत होती. गुडघ्याचा संधिवात आणि लठ्ठपणा असलेल्या लोकांमधील चाचणीचे निष्कर्ष कंपनीने डिसेंबर २०२५ मध्ये जाहीर केले. ६८ आठवड्यांत १२ मिलिग्रॅमवर सरासरी २८.७ टक्के वजनघट, हा त्यातला आकडा जगभर फिरला. तो ठरल्याप्रमाणे औषध घेत राहिलेल्यांचा आहे. त्याच निवेदनात असेही होते की १२ मिलिग्रॅमच्या गटातील १८.२ टक्के आणि ९ मिलिग्रॅमच्या गटातील १२.२ टक्के लोकांनी दुष्परिणामांमुळे औषध सोडले. औषधाविना असलेल्या गटात हे प्रमाण ४ टक्के होते. सोडणाऱ्यांपैकी काहींना तर वजन फारच घटत आहे असे वाटले होते. शिवाय स्पर्शाची विपरीत, नकोशी संवेदना होण्याचा एक दुष्परिणाम १२ मिलिग्रॅमवर २०.९ टक्के लोकांत, ९ वर ८.८ टक्के लोकांत आणि औषधाविना ०.७ टक्के लोकांत आढळला. हा त्रास बहुतेकांच्या बाबतीत सौम्य होता असे कंपनी म्हणते, आणि ते खरे असेलही. परंतु पाचातल्या एका माणसाच्या संवेदनांवर परिणाम करणारी गोष्ट मज्जातंतूंच्या पातळीवर नेमकी कशामुळे घडते, हे समजल्याशिवाय ती ‘सौम्य’ या शब्दाखाली मिटवून टाकता येणार नाही. २०२३ चा तक्ता उतरवून घेऊन १२ मिलिग्रॅमपर्यंत पोहोचलेल्या माणसाला ही माहिती इंजेक्शन घेण्यापूर्वी मिळालेली नव्हती, मिळणे शक्यच नव्हते.

मात्रा हळूहळू वाढवण्यामागचे गणित समजून घेतले पाहिजे, कारण स्वतःच्या हाताने औषध घेणारे सर्वांत जास्त घाई तिथेच करतात. रेटाट्रुटाइडचे अर्धायुष्य सुमारे सहा दिवसांचे आहे. म्हणजे शरीरातले निम्मे औषध निघून जायला साधारण सहा दिवस लागतात. आज एक इंजेक्शन घेतले तर सात दिवसांनी दुसरे घेताना पहिल्यातले सुमारे ४५ टक्के अजून शरीरात असते. दोन्हींचा उरलेला भाग तिसऱ्यात मिसळतो आणि असे साठत साठत चार-पाच आठवड्यांनी पातळी स्थिरावते, तेव्हा प्रत्येक इंजेक्शननंतर शरीरात एका मात्रेच्या पावणेदोन पटींहून थोडे अधिक औषध असते. पहिल्या आठवड्यात ‘काहीच होत नाही’ म्हणून दुसऱ्या आठवड्यात मात्रा दुप्पट करणारा माणूस आधीच्या मात्रेचा पूर्ण परिणाम दिसण्यापूर्वीच नवी भर घालत असतो. सेमाग्लूटाइडला ०.२५ मिलिग्रॅमपासून २.४ मिलिग्रॅमपर्यंत पोहोचायला सोळा आठवडे दिले जातात ते उगाच नाही. ही घाई अंगाशी आली तर माघार घेण्याची सोयही नाही, कारण या औषधावर उतारा नाही आणि शरीरातून ते जवळजवळ पूर्ण निघून जायला महिनाभर लागतो. पोटात पाणी ठरत नाही अशा अवस्थेत दिवसामागून दिवस काढणाऱ्या रुग्णाला शिरेतून द्रव देणे आणि मूत्रपिंडांवर लक्ष ठेवणे एवढेच डॉक्टरांच्या हाती उरते.

याहून साधा आणि म्हणूनच अधिक भयावह धोका सिरिंजमध्ये आहे. मान्यताप्राप्त औषध तयार पेनमधून मिळते किंवा, मौंजारो भारतात प्रथम आले तसे, एका कुपीत एकच मात्रा अशा रूपात मिळते. रुग्णाला मोजमाप करावे लागत नाही. काळ्या बाजारातली भुकटी मात्र घरी पाण्यात विरघळवायची असते आणि इन्सुलिनच्या सिरिंजने मोजायची असते. दहा मिलिग्रॅम भुकटीत एक मिलिलिटर पाणी घातले तर दर मिलिलिटरमध्ये दहा मिलिग्रॅम औषध असते, दोन मिलिलिटर घातले तर निम्मे. त्यातच भारतात इन्सुलिनच्या दोन प्रकारच्या सिरिंज सर्रास मिळतात, एक यू-१०० आणि दुसरी यू-४०. पहिलीवर वीस युनिटची रेघ म्हणजे ०.२ मिलिलिटर, दुसरीवर तीच वीस युनिटची रेघ म्हणजे ०.५ मिलिलिटर. परदेशी व्हिडिओत ‘वीस युनिट घ्या’ असे ऐकून गल्लीतल्या औषधाच्या दुकानातून लाल टोपणाची यू-४० सिरिंज आणणारा माणूस एक मिलिलिटर पाण्यात विरघळवलेल्या त्या कुपीतून दोन मिलिग्रॅमच्या जागी पाच मिलिग्रॅम टोचून घेईल आणि आपण सूचना तंतोतंत पाळली असे त्याला वाटत राहील. ही भीती काल्पनिक नाही. अमेरिकेत तर पुढच्या पायरीचा प्रकार घडला, जिथे औषध अनोळखी विक्रेत्याचे नव्हे, परवानाधारक औषधनिर्मात्यांनी कुप्यांतून तयार करून दिलेले सेमाग्लूटाइड होते. जुलै २०२४ मध्ये तिथल्या प्रशासनाने कळवले की मिलिग्रॅम, मिलिलिटर आणि युनिट यांची गल्लत झाल्याने काही रुग्णांनी ठरलेल्या मात्रेच्या पाच ते वीस पट औषध टोचून घेतले आणि काहींना रुग्णालयात दाखल करावे लागले. तिथे निदान कुपीत काय आहे हे तरी ठाऊक होते.

इथे तेही ठाऊक नसते. विक्रेते ‘शुद्धता ९९ टक्के’ असे प्रमाणपत्र दाखवतात, आणि शिकलेली माणसेही त्यावर विसंबतात, म्हणून त्याचा अर्थ सांगणे आवश्यक आहे. प्रयोगशाळेतील ती चाचणी तपासलेल्या नमुन्यात विशिष्ट पेप्टाइडचे, म्हणजे औषधाच्या प्रथिनासारख्या रेणूचे, प्रमाण किती हे सांगते. कुपीत प्रत्यक्ष दहा मिलिग्रॅम आहेत की सात की चौदा, ती निर्जंतुक आहे का, जिवाणूंच्या पेशीभित्तीतले ताप आणणारे विषद्रव्य तिच्यात आहे का, प्रवासात ती उन्हात पडून राहिली का, यांपैकी एकाही प्रश्नाला त्या ९९ टक्क्यांत उत्तर नाही. शिवाय तपासलेला नमुना आणि तुमच्या घरी आलेली कुपी एकाच घाण्यातली आहे याची हमी कोण देणार?

आता आपल्या शरीरांविषयी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचे या विषयातले काम जगभर आदराने उद्धृत केले जाते. त्यांनी आणि लंडनच्या जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये स्वतःची एक तुलना छापली होती. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या तुलनेत वजनाचे माप, २२.३ होता; युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती, याज्ञिकांच्या शरीरात २१.२ टक्के. सारख्याच वजनात भारतीय माणसाकडे स्नायू कमी आणि चरबी जास्त असते, हे सत्य त्या एका तुलनेने वैद्यकीय जगाच्या डोळ्यांपुढे ठेवले. भारतीयांसाठी लठ्ठपणाची रेषा बीएमआय २५ वर आणली गेली ती याच कारणाने. रेटाट्रुटाइडच्या दुसऱ्या टप्प्यातील सहभागींचा सरासरी बीएमआय ३७ च्या वर होता, आणि चाचणीत प्रवेश मिळण्यासाठी तो ३० किंवा वजनाशी निगडित आजारासह निदान २७ असणे आवश्यक होते. लग्नसराईआधी सात-आठ किलो उतरवू पाहणाऱ्या, बीएमआय २५ असलेल्या पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या तरुणाच्या शरीरात या औषधाची कोणतीही मात्रा काय करील, याचे उत्तर त्या चाचणीत सापडणार नाही, कारण त्याच्यासारख्यांना तिने प्रवेशच दिला नव्हता.

या फरकाला प्रत्यक्ष अर्थ आहे. वजन घटते तेव्हा केवळ चरबी घटत नाही. शरीररचना मोजलेल्या उपगटांत सेमाग्लूटाइडने घटलेल्या वजनापैकी सुमारे ४० टक्के आणि टिर्झेपाटाइडने घटलेल्यापैकी सुमारे २५ टक्के भाग चरबीव्यतिरिक्तचा होता, ज्यात स्नायू मोठ्या प्रमाणावर येतात. ज्याच्याकडे मुळात स्नायूंची पुंजी कमी, त्याने इतक्या वेगाने वजन उतरवणे म्हणजे आधीच तुटपुंज्या मुदलातून खर्च करणे आहे. पुढे औषध थांबवले की काय होते तेही ज्ञात आहे. सेमाग्लूटाइड बंद केल्यावर वर्षभरात घटलेल्या वजनाचा सुमारे दोन तृतीयांश भाग परत आल्याचे आढळले आहे. परत येणारे वजन गेलेला स्नायू जसाच्या तसा घेऊन येईल असे मानायला आधार नाही. कुपीचा पुरवठा तुटला, पैसे संपले किंवा विक्रेत्याने दूरध्वनी उचलणे बंद केले, तर हा प्रवास माणसाला सुरुवातीपेक्षा वाईट जागी आणून सोडू शकतो.

तरुण स्त्रियांच्या बाबतीत आणखी एक गोष्ट सहसा बोलली जात नाही. टिर्झेपाटाइडमुळे पोट उशिरा रिकामे होते आणि गर्भनिरोधक गोळ्यांचा परिणाम कमी होऊ शकतो, म्हणून सुरुवातीला आणि प्रत्येक वाढीव मात्रेनंतर दुसरे साधन वापरण्याचा सल्ला दिला जातो. गर्भधारणेच्या निदान दोन महिने आधी सेमाग्लूटाइड थांबवायचे असते. मान्यताप्राप्त औषधासोबत या सूचना कागदावर छापून येतात. भुकटीच्या कुपीसोबत असा कागद येत नाही.

वजन घटवण्याच्या औषधांचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही सावधगिरी अतिरेकी वाटणार नाही. फेनफ्लुरामिन आणि फेन्टरमिन ही जोडी एकत्र वापरण्याची मान्यता कधीच नव्हती, तरी अमेरिकेत ती लाखोंनी घेतली, आणि १९९७ मध्ये हृदयाच्या झडपा बिघडल्याची प्रकरणे पुढे आल्यावर फेनफ्लुरामिन मागे घ्यावे लागले. रिमोनाबंटला युरोपने २००६ मध्ये मान्यता दिली आणि नैराश्य व आत्महत्येच्या विचारांमुळे २००८ मध्ये ते थांबवले. भारताने २००९ मध्ये त्यावर बंदी घातली. सर्वांत बोधक कथा सिबुट्रामिनची आहे. १९९७ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले हे औषध तेरा वर्षे विकले गेले. जवळजवळ दहा हजार लोकांवर केलेल्या दीर्घ चाचणीत हृदयविकार, पक्षाघात आणि तत्सम घटना औषधाच्या गटात ११.४ टक्के आणि दुसऱ्या गटात १० टक्के आढळल्या, तेव्हा कुठे २०१० मध्ये ते बाजारातून गेले आणि फेब्रुवारी २०११ मध्ये भारतातही बंद झाले. दीड टक्क्याहून लहान असा फरक कोणत्याही डॉक्टरला स्वतःच्या रुग्णांत दिसला नसता, आणि कोणाही वापरकर्त्याला स्वतःच्या अनुभवातून तर कधीच कळला नसता. ‘मी सहा महिने घेतोय, मला काही झाले नाही’ या वाक्याचे मूल्य किती, हे यावरून समजावे.

उलट दिशेचा पुरावाही असाच मिळतो, हे सांगणे न्यायाचे होईल. सेमाग्लूटाइडने हृदयविकाराचा धोका सुमारे २० टक्क्यांनी कमी होतो असे आज आपण खात्रीने म्हणतो, ते १७,६०४ लोकांच्या चाचणीचे निष्कर्ष २०२३ मध्ये हाती आले म्हणून. आणि त्याच सेमाग्लूटाइडमुळे दृष्टीच्या नसेचा रक्तपुरवठा बिघडण्याचा, दहा हजारांत फार तर एकाला होणारा विकार युरोपच्या नियामकाने जून २०२५ मध्ये दुष्परिणामांच्या यादीत घातला, तोही औषध कित्येक वर्षे नोंद ठेवून वापरले गेल्यावरच. विश्वास आणि भय दोन्हींना आकार येतो तो अशा कामामुळे.

या सगळ्याला जे उत्तर दिले जाते ते मी हलक्याने घेत नाही. शंभराहून अधिक किलो वजन घेऊन जगणाऱ्या, गुडघे गेलेल्या, लोकलच्या डब्यात टोमणे ऐकणाऱ्या माणसाला ‘थांबा, अजून चाचणी चालू आहे’ असे सांगणे सोपे असते, ते ऐकणे सोपे नसते. मान्यताप्राप्त औषध विकत घ्यावे तर मौंजारोच्या पाच मिलिग्रॅमच्या एका कुपीची किंमत ते आले तेव्हा ४,३७५ रुपये होती, म्हणजे महिन्याला साडेसतरा हजार. या किमतीने किती घरांचे दरवाजे बंद होतात हे सांगायला नको. माझे शरीर, माझा निर्णय, हा युक्तिवादही मला मान्य आहे. पण निर्णय घेण्यासाठी निर्णयाचा विषय समोर असावा लागतो. कुपीत काय आहे, किती आहे, कोणी बनवले, बिघडले तर जबाबदार कोण, यांपैकी काहीही माहीत नसताना घेतलेला निर्णय स्वातंत्र्याच्या नावाने ओळखला जातो, इतकेच. ज्याला खरोखर प्रयोगात सामील व्हायचे आहे त्याच्यासाठी चाचणीचा मार्ग आहे. तिथे नैतिकता समिती असते, रक्ततपासण्या होतात, स्वादुपिंडाचा दाह पूर्वी झाला होता का आणि घराण्यात थायरॉईडचा विशिष्ट कर्करोग आहे का हे आधी विचारले जाते, आणि चाचणीमुळे इजा झाली तर २०१९ च्या नवीन औषधे व वैद्यकीय चाचण्या नियमांनुसार उपचार आणि भरपाई मिळते. घरी कुपी फोडणाऱ्याला यातले काहीच मिळत नाही, आणि त्याला झालेल्या त्रासाची नोंदही कुठे होत नाही, त्यामुळे त्याच्या दुःखातून पुढच्या माणसाला शहाणपणही मिळत नाही.

म्हणून या प्रश्नात केवळ वापरणाऱ्याला दोष देणे मला अन्यायाचे वाटते. परवान्याशिवाय औषध विकणे १९४० च्या औषधे व सौंदर्यप्रसाधने कायद्याने गुन्हा आहे. लठ्ठपणा बरा करण्याच्या दाव्यांची जाहिरात १९५४ च्या आक्षेपार्ह जाहिरातींविषयीच्या कायद्याने निषिद्ध आहे. त्याच्या परिशिष्टात लठ्ठपणाचे नाव आहे. कायदा नाही अशी तक्रार इथे करता येणार नाही. ‘केवळ संशोधनासाठी’ ही चिठ्ठी लावून, सोबत सिरिंज आणि मात्रेचा तक्ता पाठवणारा विक्रेता कोणत्या प्रयोगशाळेला माल पुरवतो, हे विचारायला कोणताही नवा अधिकार लागत नाही. केंद्रीय औषध नियंत्रकांनी रेटाट्रुटाइडचे नाव घेऊन, हिंदी आणि मराठीसह सर्व भाषांत जाहीर सूचना काढावी. राज्याच्या अन्न व औषध प्रशासनाने ग्राहक बनून या कुप्या मागवाव्यात, त्यांत काय निघाले ते तपासून लोकांपुढे ठेवावे. भीती घालणाऱ्या शंभर भाषणांपेक्षा तपासणीचा एक प्रसिद्ध झालेला अहवाल अधिक काम करील. त्याचबरोबर, आता देशी उत्पादनामुळे सेमाग्लूटाइड स्वस्त होण्याची वाट खुली झाली आहे, तर ज्यांना वैद्यकीय गरज आहे अशांना ते सरकारी रुग्णालयांतून, देखरेखीखाली मिळावे याची योजना राज्याने आखायला हवी. तपासलेले औषध परवडत नाही तोवर न तपासलेल्याचा बाजार चालूच राहणार.

कंपनीकडूनही अपेक्षा आहे. सरासरी वजनघटीचा आकडा मथळ्यात आणि औषध सोडणाऱ्यांचा आकडा निवेदनाच्या पोटात, अशी मांडणी जगभरच्या काळ्या बाजाराला फुकटची जाहिरात पुरवते.

डॉक्टरांचे काम मला यात सर्वांत नाजूक वाटते. असे औषध घेणारा रुग्ण ते लपवतो, कारण डॉक्टर रागावतील अशी त्याची अपेक्षा असते. पण या वर्गातील औषधांमुळे पोटात अन्न रेंगाळते, आणि भूल देताना ते श्वासनलिकेत जाण्याचा धोका असतो. म्हणून शस्त्रक्रियेपूर्वी ‘वजनासाठी कोणते इंजेक्शन घेता का, कुठून आणलेले’ हा प्रश्न रक्तदाबाच्या गोळीइतक्याच सहज सुरात विचारला गेला पाहिजे. आणि ज्याने आधीच टोचून घेतले आहे त्याला उपदेशापेक्षा काही नेमक्या गोष्टी सांगाव्यात. पुढची मात्रा घेऊ नये. पोटात वरच्या भागात सतत दुखून कळ पाठीत जात असेल, पाणीही पोटात ठरत नसेल, लघवी कमी झाली असेल, छातीत धडधड थांबत नसेल किंवा दृष्टी अचानक अंधुक झाली असेल, तर सकाळपर्यंत वाट न पाहता रुग्णालय गाठावे. शेवटचे इंजेक्शन कोणत्या दिवशी घेतले, किती पाण्यात विरघळवले आणि कोणत्या सिरिंजने मोजले हे आठवून सांगावे, उरलेली कुपी सोबत न्यावी, आणि उपचार करणाऱ्या डॉक्टरांनी त्या त्रासाची नोंद भारतीय औषध-दक्षता कार्यक्रमाकडे करावी.